सगळी झिजलेलीच कशी?

लक्ष्मीपूजनाला माझी पितळी डबी पाटावर येते. ती उघडली की कुणी ना कुणी विचारतंच, "अहो, ही सगळी झिजलेलीच कशी? एखादं तरी चांगलं नाणं घ्यायचं!" मागच्या वर्षी भाच्यानं विचारलं होतं, यंदा शेजारच्या वहिनींनी. डबीत एकोणतीस नाणी आहेत, सगळी चांदीची, आणि वहिनींचं काही चुकत नाही. कुणाचं नाक गेलंय, कुणाचं साल वाचायला तिरीप शोधावी लागते, एका पावलीवर, म्हणजे चार आण्यांच्या नाण्यावर, तर राजा होता की राणी हेही हातात फिरवून ठरवावं लागतं. वहिनींच्या ताम्हणात होतं ते आजकालचं पूजेचं नाणं, एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला शुद्धतेचा शिक्का, वर प्लॅस्टिकची घट्ट डबी. सुंदरच होतं. पण त्यानं आयुष्यात कधी कोथिंबिरीची जुडी आणलेली नाही.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

डबीतला एक रुपया मी एकदा ओळखीच्या सराफाकडे वजनाला नेला. सातव्या एडवर्डचा, १९०७ सालचा. याला आमची आजी 'बोडका' म्हणायची, कारण तिच्या पाहण्यातल्या राणीच्या डोक्यावर मुकुट होता, पुढच्या जॉर्जच्या डोक्यावर होता, हा एकटाच उघड्या डोक्याचा. काट्यावर आकडा आला ११.३१ ग्रॅम. सराफ म्हणाले, "घट आहे, ताई." घट आहे हे खरंच. टाकसाळीतून निघाला तेव्हा तो ११.६६ ग्रॅमचा असणार. १८३५ साली कंपनी सरकारनं १८० ग्रेनचा, म्हणजे याच वजनाचा, रुपया ठरवला आणि त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ ते वजन कुणी बदललं नाही. तोळा म्हणतात तो हाच, रुपयाभार. (आता सराफाकडचा तोळा १० ग्रॅमचा. रुपया गेला, त्याच्या मागोमाग रुपयाभारही गेला.)

आणि नुसता रुपयाच नव्हे, त्याची मोडसुद्धा वजनाला पक्की. अधेली (आठ आणे) बरोबर अर्धा तोळा, पावली पाव, चवली (दोन आणे) त्याच्याही निम्मी. एका पारड्यात आठ चांदीच्या चवल्या टाका, दुसऱ्यात एक रुपया, काटा मधोमध. म्हणजे लोकांच्या कनवटीला पैसे असायचे तशी वजनंही असायची. मला या हिशोबाचं फार कौतुक वाटतं. घरी सगळ्यांना सांगून झालंय, आता कुणी ऐकत नाही.

तर बोडक्याचं ०.३५ ग्रॅम गेलं कुठं? तीन टक्के होतात. १९०६ च्या नाणे कायद्यानं दोन टक्क्यांहून अधिक झिजलेला रुपया कायदेशीर चलन राहत नसे. त्या हिशोबानं ११.४३ च्या खाली उतरला त्या दिवशी माझा बोडका रुपया उरला नाही. पण बाजारहाटाला काटा घेऊन कोण जातं? रुपया पारखायचा तो कानानं. बोटाच्या टोकावर आडवा तोलून धरायचा आणि दुसऱ्या नाण्यानं कडेवर हलकी टिचकी मारायची. बोडका अजून असा वाजतो की आवाज संपला असं वाटेपर्यंत तो आणखी थोडा उरलेला असतो. त्याच्या शेजारचा १९४४ चा रुपया तसाच वाजवला तर नुसता 'टक्' करून गप्प बसतो. खणखणीत हा शब्द आपण भाषणाला लावतो, उत्तराला लावतो, पण तो आला असणार या आवाजातून. नावाला बट्टा लागतो तोही नाण्यांच्याच बाजारातला. १८३५ च्या आधी आपल्याकडे चांदवडी, अंकुशी, हाळी सिक्का असे नाना तऱ्हांचे रुपये फिरायचे आणि सराफ एकाच्या बदल्यात दुसरा देताना पारख करून बट्टा कापून घ्यायचे. झिजलेल्याला जास्त. तेव्हा वहिनी, तुमचा प्रश्न तसा जुनाच आहे.

हा १९४४ चा रुपया मुका का, ते आजीमुळे कळलं. आजी दुधाचे रतीब घालायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नाणं हातात आलं की अंगठ्यानं कड चाचपायची. लढाईच्या दिवसांत रुपये दिसेनासेच झाले, असं ती सांगायची. पुढे मी वाचलं तेव्हा तिच्या सांगण्याला साल लागलं: १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, लोकांचा नोटांवरचा भरवसा उडाला आणि जो तो रुपये दाबून ठेवू लागला. सरकारनं गरजेपेक्षा जास्त रुपये बाळगणं हा गुन्हा ठरवला, एक रुपयाची नोट पुन्हा काढली आणि रुपयातली चांदी बाराला अकरा भाग होती ती निम्म्यावर आणली. उरलेल्यात चाळीस टक्के तांबं, पाच टक्के निकेल, पाच टक्के जस्त. नव्या रुपयाच्या कडेला मधोमध खाच पाडून तिच्यात नक्षी घातली, नकली ओळखू यावा म्हणून. आजीच्या अंगठ्याला मात्र त्या खाचेचा दुसराच उपयोग सापडला. खाच लागली की रुपया बाजारात, नाही लागली की गाडग्यात. दोन्ही रुपयांची किंमत सोळाच आणे, मग कमी चांदीचा खर्चायचा आणि जास्तीचा ठेवायचा, एवढं कळायला शाळा लागत नाही. घरोघरी हेच झालं. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनंही जुने रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून काढून घेतले.

खरं तर हे पहिल्यांदा घडत नव्हतं. पहिल्या महायुद्धातही चांदी इतकी चढली की रुपया खर्चण्यापेक्षा आटवण्यात फायदा होता. १९१७ साली नाणी आटवायला बंदी आली आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला आपल्याकडे एक रुपयाची पहिली नोट निघाली. तिच्यावर चक्क रुपयाच्या नाण्याचं चित्र होतं. नाणं देता येत नाही तर निदान फोटो घ्या, असा प्रकार.

आजीच्या गाडग्यातले बहुतेक रुपये पुढे नातवंडांच्या वाळ्यांत गेले. बोडका उरला, कारण तो कडी लावून कुणाच्या तरी गळ्यात गेला होता. वरच्या कडेला कडी सांधताना डाक दिल्याची खूण अजून आहे. आता तुम्ही म्हणाल, मग ती घट गळ्यात घासून झाली असेल, बाजारात कशावरून? असेल. थोडी तशीही असेल. कडी काढताना कानस मारणाऱ्यानंही आपला वाटा घेतला असेल. पण एडवर्डच्या कानावरचे केस झिजलेत, गालाचं हाड सपाट झालंय आणि मागच्या बाजूला 'वन रुपी' मधली अक्षरं पुसट झालीत. जिथं जिथं उंचवटा, तिथं तिथं झीज. हे अंगठ्यांचं काम आहे असं मी धरून चालते.

निम्म्या चांदीच्या रुपयांचं पुढे काय झालं, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस आल्यागेल्याला तेच सांगत होते. युद्धात आपल्याकडची चांदी पुरेना, म्हणून अमेरिकेनं उसनी दिली, सुमारे २२ कोटी ६० लाख औंस. अट अशी की युद्ध संपल्यावर चांदीच परत करायची, पैसे नाहीत. मग १९४६-४७ मध्ये निकेलची नाणी आली, पाठीवर वाघ असलेली, आणि निम्म्या चांदीची नाणी गोळा करून त्यांतली चांदी वेगळी काढायचं काम सुरू झालं. त्यासाठी कलकत्त्याला शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. उसनवारी फिटली १९५७ पर्यंत. त्याच १९५७ च्या १ एप्रिलला नवा पैसा आला आणि आणे-पै हिशोबातूनही उठायला लागले. म्हणजे आजीनं रतिबाच्या हिशोबात घेतलेल्या आणि किराण्याला दिलेल्या पावल्या फिरत फिरत, आटून, समुद्रापार गेल्या असतील. तिला हे सांगायला हवं होतं. "मेल्यांनी दूध तरी चांगलं प्यायलं का?" असं काहीतरी विचारलं असतं.

मी स्वतः चांदीचं नाणं एकदाही खर्चलेलं नाही. माझ्या लहानपणी दहा पैसे, वीस पैसे, पुढे ॲल्युमिनियमची हलकी चिल्लर, फुंकर मारली तर उडेल अशी. त्यामुळे "तुम्हाला जुने दिवस आठवत असतील" असं कुणी म्हटलं की मी गप्प बसते. ते दिवस माझे नाहीतच. मला हेवा वाटतो तो एवढ्याचाच, की आजी चांदी मोजत होती आणि चांदी मोजतोय असं तिच्या मनातही नसायचं. पदराच्या गाठीत दोन पावल्या, एक अधेली, थोडा खुर्दा, आणि डोक्यात म्हशीची पेंड. पेटीत घालून, मखमल अंथरून ठेवलेल्या कोऱ्या नाण्यात हे कसं सापडणार? त्याच्याकडे नुसतं बघता येतं.

आता डबीत एकच जागा रिकामी आहे, चांदीच्या चवलीची. १९१८ पासून चवली चौकोनी आली, तांबं-निकेलची. ती मला चिकार मिळाली. त्याआधीची चांदीची मात्र शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी, दीड ग्रॅमचीसुद्धा नाही, त्यामुळे लोकांच्या हातून हरवलीच फार असणार. परवा एका नाणी विकणाऱ्याकडे निघाली. कापसात गुंडाळलेली, लखलखीत. "एकदम कोरी आहे ताई, कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही," तो म्हणाला.

"झिजलेली आहे का एखादी?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे अगदी वहिनींसारखं पाहिलं.