डिफ-ईक्यूचा सेक्शन निवडताना झालेला घोळ

नाशिकला बारावीपर्यंत मास्तर निवडायचा असतो हेच मला माहीत नव्हतं, जो वर्गात येईल तो सर. इथे अमेरिकेत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला डिफरन्शियल इक्वेशन्स (बदलाच्या दराची समीकरणं, म्हणजेच डिफ-ईक्यू) घ्यायचं तर रजिस्ट्रेशनच्या स्क्रीनवर तीन पर्याय. एक सकाळी आठचा, म्हातारे कडक सर. दुसरा दुपारी दोनचा, तरुण पोस्टडॉक (नुकतीच पीएचडी झालेले), रेटिंग एकदम भारी, 'इझी ए' वगैरे. तिसरा लिनिअर अल्जिब्रासोबत एकत्र, म्हणजे दोन विषय एकाच सेममध्ये उरकतात. मी अर्थातच तिसऱ्यावर क्लिक केलं, एका दगडात दोन पक्षी.

नशीब अ‍ॅडव्हायजरने सिलॅबस उघडायला लावला. त्या एकत्र कोर्समध्ये आयगनव्हॅल्यू आणि सिस्टिम्स (अनेक समीकरणं एकदम सोडवणं) मस्त होत्या पण लाप्लास ट्रान्सफॉर्म, म्हणजे अशा समीकरणाचं साधं बीजगणित करून टाकणारी पद्धत, नव्हतंच, आणि पुढे मला कंट्रोल्स (यंत्रांचं आपोआप नियंत्रण) घ्यायचंय, तिथे दुसऱ्या दिवसापासून लाप्लास. तो कटला.

मग उरलेल्या दोघांच्या वर्गात पहिला आठवडा जाऊन बसलो, ड्रॉप करायची मुदत होती तोवर कोणी काही म्हणत नाही. दुपारच्या सरांचं शिकवणं स्वच्छ, सेपरेबल आलं की हे करा, लिनिअर आलं की इंटिग्रेटिंग फॅक्टर, मी झरझर वही भरली. सकाळच्या सरांनी फळ्यावर एकच समीकरण लिहिलं, डीवाय बाय डीएक्स म्हणजे वायच्या दोन तृतीयांश घाताची तिप्पट, शून्याला वाय शून्य, आणि म्हणाले सोडवा. सगळ्यांनी एक्स क्यूब काढलं. सर म्हणे, आणि वाय कायमच शून्य असेल तर? तेही बसतं की! एका समीकरणाला एकाच सुरुवातीतून दोन उत्तरं, मी अक्षरशः पेन खाली ठेवला. (वायच्या त्या घाताचा उतार शून्यापाशी अनंत होतो म्हणून तिथे एकच उत्तर असण्याची खात्री देता येत नाही, हे नंतर कळलं.)

तरी आठ वाजता उठायचं जिवावर आलं होतं. शेवटी दोघांचे जुने पेपर मागून आणले. दुपारवाल्यांचा पेपर म्हणजे सहा गणितं, टाइप ओळखा आणि सोडवा. सकाळवाल्यांचे चारच प्रश्न, त्यातला एक नुसता आकृती काढायचा, आकडा एकही नाही. तो आकृतीवाला मला अजिबात येईना. तोच सेक्शन घेतला. घरी आईला सांगितलं तर म्हणे सोपा सोडून कठीण कशाला घेतलास, आता हिला काय सांगणार. मदतीला एमआयटीच्या मॅटक सरांची जुनी लेक्चर्स आहेतच, ओपनकोर्सवेअरवर फुकट, पहिलंच दिशांच्या रेघांवर, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी उताराची छोटी रेघ काढून उत्तराचा आकार बघायचा.

पहिल्या मिडटर्मला ६१ पडले. रडलो नाही पण जेवलोही नाही.

गंमत होमवर्कमध्ये झाली. वाय डबल डॅश वजा दोन वाय डॅश अधिक वाय बरोबर ई रेज टू एक्स. इथल्या पद्धतीत उत्तराचा अंदाज धरून दोनदा डिफरन्शिएट करत बसायचं. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर त्याने डी ऑपरेटरने (डिफरन्शिएट करण्याला 'डी' अक्षर मानून बीजगणित करायचं) दोन ओळीत पीआय, म्हणजे पर्टिक्युलर इंटिग्रल, समीकरणाचं एक उत्तर, काढून दिला, एक्स स्क्वेअर बाय टू गुणिले ई रेज टू एक्स. मी तसाच उतरवला. टीएने (होमवर्क तपासणारा सहाय्यक) लाल पेनने मोठं प्रश्नचिन्ह काढलं. ऑफिस अवर्सला, म्हणजे सरांना भेटायच्या वेळेत, गेलो, सर हसले, म्हणाले पद्धत झकास आहे, आता ती का चालते ते मला लिहून आण. आज तिसरा दिवस, मावसभाऊ म्हणतो आम्हाला नाही विचारत असलं काही.