पिळलेली चादर

एप्रिल लागला की आमच्या घरी थंडीच्या चादरी धुण्याचा एक दिवस ठरलेला असतो. सोलापुरी चादर कोरडी असताना खांद्यावर टाकून गावभर हिंडावं, पण भिजली की तीच बादलीतून निघता निघत नाही. एकट्यानं पिळण्याचं ते कामच नव्हे. एक टोक आईकडं, दुसरं माझ्याकडं, आणि दोघांनी उलट पीळ द्यायचा. चादरीचा दोरखंड होतो आणि गच्चीवर धार लागते.

परवा हे चाललं असताना परीक्षा संपवून आलेला भाचा टाकीला टेकून उभा होता. मदत शून्य. वर म्हणाला, "मामा, अंतराळात गुरुत्वाकर्षणच नसतंय. तिथं चादर एका बोटानं उचलली असतीस."

हात अडकलेले होते, नाहीतर टपली दिली असती. अंतराळवीर राहतात ते अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. म्हणजे सोलापूरहून मुंबई रस्त्यानं जेवढी लांब, तेवढंच, फक्त उभं. तेवढा उंच मनोरा बांधून त्याच्या टोकावर वजनकाटा ठेवला, तर इथला ६० किलोचा माणूस तिथं ५३ भरेल. गुरुत्वाकर्षण कुठंही गेलेलं नाही.

मग ती माणसं तरंगतात कशी? मी भाच्याला गड्ड्याची आठवण दिली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत हाच पठ्ठ्या आकाशपाळण्यात माझा दंड धरून बसला होता. पाळणा वरून उतरायला लागला की बाकडं बुडाखालून किंचित निसटल्यासारखं होतं आणि पोटात गोळा येतो. वजन म्हणून आपल्याला जे जाणवतं, ते खालून कुणीतरी अडवतं म्हणून. बाकडं अडवतं, जमीन अडवते, गादी अडवते. अडवणारंच आपल्याबरोबर पडायला लागलं, की जाणवायला काही उरत नाही. पाळण्याचं सुख क्षणाचं. स्थानकातले लोक मात्र अखंड पडतच असतात. सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त. पण त्याच सेकंदात ते साडेसात किलोमीटर पुढंही जातात, आणि तेवढ्या अंतरात गोल पृथ्वीची पाठही तेवढीच खाली वळलेली असते. जमीन काही हाती लागत नाही. साधारण ९२ मिनिटांत एक फेरी. सोलापूरहून मुंबईला जायला सिद्धेश्वर एक्स्प्रेसला रात्र लागते, ते अंतर मिनिटाच्या आत.

आणि एका बोटाचं म्हणशील तर उचलायला बोटही नको, पण ओली चादर ढकलायला आणि ढकललेली थांबवायला तिथंही जोर लागेलच. वजन जाणवत नसलं तरी वस्तुमान कुठं जातंय? तिथं साधा काटा चालत नाही, म्हणून स्प्रिंगवर माणसाला हलवतात आणि झोका किती वेळाचा पडतो त्यावरून किलो काढतात.

पिळण्याचा प्रयोग खरोखर झालेला आहे. २०१३ साली क्रिस हॅडफिल्ड या कॅनडाच्या अंतराळवीरानं स्थानकात एक ओलं फडकं पिळून दाखवलं. फडकं केवढं, तर आपल्या टॉवेलाचा कोपरा. पिळलेलं पाणी खाली पडलंच नाही. फडक्याभोवती नळीसारखं गुंडाळून बसलं आणि हळूहळू हातांवर चढलं, जेलीसारखं. पाणी, फडकं, हात सगळेच एकत्र पडत असताना कोण कुणाच्या खाली पडणार? अशा वेळी पाण्याला एकत्र धरून ठेवणारा त्याचा पृष्ठताण तेवढा राज्य करतो.

तो व्हिडिओ मी भाच्याला मोबाइलवर दाखवला. आईनंही वाकून पाहिला.

"धार पडतच नाही? मग ते वाळायचं कसं?"

वाळतं, मी म्हणालो. ओला टॉवेल नुसता अडकवून ठेवतात, पाणी हवेत जातं, यंत्र ती वाफ गोळा करतं आणि स्वच्छ करून त्याचंच पिण्याचं पाणी होतं.

आईनं मोबाइलकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"शी," ती म्हणाली. "टोक धर. अजून तीन चादरी आहेत."

भाचा तोवर जिन्यात पोचला होता.