डाव्या हाताचा तानपुरा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "बाईंवर कोणी लिहितंय का?" आमच्या पिढीत नुसतं 'बाई' म्हटलं की गाण्याच्याच बाई.

वृंदगानाचा सराव शाळेत व्हायचा नाही, बाईंच्या घरी व्हायचा. त्यांच्या सासूबाईंना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. संध्याकाळी त्यांच्यापाशी बसायची पाळी बाईंची, त्यामुळे शाळा सुटल्यावर त्यांना थांबता येत नसे. सराव बुडवणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. मग आम्ही बारा-पंधरा जणी दप्तरांसकट त्यांच्या घरी जायचो आणि थेट आजींच्या पलंगाभोवती बसायचो. दुसऱ्या खोलीत बसू म्हटलेलं बाईंना चालत नसे.

तानपुरा जुळवायला बाई भरपूर वेळ घेत. आधी खुंट्या, मग मणी, आणि शेवटी घोडीवरचा तो बारीक दोरा. दोरा केसभर इकडचा तिकडे झाला की आतापर्यंत मुकी वाटणारी तार भरून बोलायला लागायची. "ऐकलंत? आता जवारी लागली," असं म्हणून त्या पुढच्या तारेकडे वळत. चार तारांना कधी कधी वीस मिनिटं. आम्ही चुळबुळत असू, पण आजींचे डोळे बाईंच्या बोटांवरून हलत नसत.

एकदा तानपुरा धरणारी मुलगी आली नाही. बाईंनी तो पलंगावर आडवा ठेवला आणि आजींचा डावा हात उचलून तारांवर नेला. बोटं अडखळली, एक तार सुटली, दुसरी दोनदा वाजली. आम्ही पुढे निघालो तर बाई म्हणाल्या, "थांबा. आजींना येऊ द्या." त्या दिवसापासून तानपुरा आजींकडेच राहिला.

पुढे काही आठवड्यांनी आम्ही एक अंगाई बसवत होतो. आजींनी ती आपल्या मुलांना म्हटलेली होती, म्हणून बाईंनी मुद्दाम घेतलेली. दुसऱ्या ओळीला आजी गायला लागल्या. नुसता सूर नाही, शब्दांसकट! तहान लागली तर ज्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं, त्या सबंध ओळ गात होत्या. आमचा आवाजच थांबला. बाई मात्र गात राहिल्या आणि हातानेच आम्हाला 'चालू द्या' म्हणाल्या.

तिथून बाईंनी एक वाट धरली. षड्ज आणि कोमल गंधार, एवढ्या दोनच सुरांवर त्या आजींबरोबर छोटे शब्द म्हणत आणि प्रत्येक अक्षराला त्यांचा डावा हात पलंगाच्या कडेवर हलकेच टेकवत. पा-णी. उ-शी. खिड-की. महिनोन्‌महिने. एकदा आजींनी 'खि' म्हटल्याबरोबर मी घाईने 'खिडकी' म्हणून टाकलं. बाई माझ्यावर चिडल्या ते त्या एकदाच. "शब्द त्यांचा आहे. त्यांना काढू दे."

आजींनी न सांगता, आपणहून म्हटलेला पहिला शब्द मी ऐकला. बाई शाळेतून येऊन तशाच उभ्या उभ्या तानपुरा जुळवत होत्या. आजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्याच दोन सुरांवर म्हणाल्या, "बै-स." बाई बसल्या. बराच वेळ खाली मान घालून दोरा सरकवत राहिल्या. त्या दिवशी गाणं झालं नाही.

आजी पुन्हा पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत. वीस-पंचवीस शब्द परत आले, इतकंच. पण बाईंना कळलं होतं की अशी माणसं आणखीही घरांत असणार. शनिवारी दुपारी घरात दुसरं कोणी आजींजवळ असे, तेव्हा त्या आम्हा दोघी-तिघींना घेऊन अशा घरी जायच्या. गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, "हे आजारपणाआधी काय गुणगुणायचे?" आणि रुग्णाची उस्तवार करणारी जी कोणी बाई असेल तिला सांगायच्या, "तू दोन तास झोप, मी आहे." माझ्या मते त्यांच्या कामातलं मोठं काम हे होतं. रुग्णाकडे सगळे बघतात. त्याच्या सुनेकडे किंवा बायकोकडे बाईंनी पाहिलं, कारण ते जागरण त्यांच्या स्वतःच्या अंगावरचं होतं.

मी वाचा-उपचार शिकायला गेले ते हे पाहून. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागाचा बोलण्याशी संबंध दाखवला. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून अनेकांचा उजवा हात आणि वाचा एकदमच जातात. गाण्यात मात्र उजव्या मेंदूचा मोठा वाटा असतो. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या संशोधकांनी यावर उपचारपद्धती मांडली: समज शाबूत पण बोलणं अडलेल्या रुग्णाने शब्द दोन सुरांवर म्हणायचे आणि अक्षरागणिक डाव्या हाताने ठेका द्यायचा. दोन सुरांतलं अंतरही साधारण षड्ज ते कोमल गंधार एवढंच! मी पुस्तक मिटलं आणि बाईंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'छान. पण प्रत्येकाला जमत नाही, हे तुझ्या पुस्तकात आहे ना? घरच्यांना खोटी आशा दाखवू नकोस.' ते पत्र आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

बाई गेल्यावर त्यांच्या मुलींनी तो तानपुरा शाळेला दिला. गेल्या महिन्यात संगीतकक्षात जाऊन पाहिला. तारा गंजल्यात, घोडीवरचे दोरे कुठेतरी गळून पडलेत. मी नव्या तारा घेतल्या आहेत. महोत्सवाच्या दिवशी कार्यक्रमाच्या तासभर आधी येऊन तो जुळवणार आहे. बाईंच्या घरी पलंगाभोवती बसलेल्या सगळ्याजणींनी त्या वेळी यावं. दोरा कुठे बसवायचा ते आपल्यातल्या कोणाला ना कोणाला आठवेलच.