आमची वाटचाल: हौसेचा ब्लॉग, त्यातले पैसे आणि दुरुस्तीचं टेबल

आम्हाला येणाऱ्या मेलपैकी बरेचसे पेनाबद्दल असतात आणि बाकीचे "ब्लॉगमधून महिन्याला किती सुटतात हो?" असे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आमची फर्म म्हणजे दोघं जण आणि एक टेबल. काम जुनी फाउंटन पेनं दुरुस्त करायचं. त्याआधी नुसता ब्लॉग होता, निव्वळ हौस, कुठली शाई कुठल्या कागदावर फुटते, वाकडी निब सरळ कशी करायची, असलं काहीबाही. पैशाचा विचार वाचक वाढल्यावर आला, सगळ्यांना येतो तसाच.

पहिलं पाऊल अर्थातच जाहिराती. ॲडसेन्स, म्हणजे ब्लॉगवर जाहिराती दाखवायची गुगलची सेवा, २००३ पासून आहे आणि गुगल आपला हिस्सा कापून साधारण ६८ टक्के आपल्याला देतं, ऐकायला भारी वाटतं पण ६८ टक्के कशाचे ते बघा ना. समजा हजार पेज व्ह्यूजमागे दोन डॉलर पडले, तर शंभर डॉलर जमायला पन्नास हजार व्ह्यूज लागतात, आणि शंभर झाल्याशिवाय पेमेंट सुटत नाही, तोवर आकडा खात्यात नुसता दिसत राहतो. पत्ता तपासायचा पिन पोस्टाने येतो तो दहा डॉलर झाल्यावर, त्याचंच काय कौतुक असतं! शिवाय दर विषयावर ठरतो. कर्ज, विमा विकणाऱ्याला एक गिऱ्हाईक मिळालं तरी वर्षानुवर्षं कमाई असते म्हणून तो क्लिकला भरपूर मोजतो, निब घासायच्या पोस्टवर एवढी बोली कोण लावणार.

मग ॲफिलिएट लिंका, म्हणजे आपण दिलेल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की दुकान आपल्याला कमिशन देतं. ॲमेझॉनचा असोसिएट्स प्रोग्राम १९९६ चा, म्हणजे ॲडसेन्सहून जुना. यात क्लिक केल्यापासून २४ तासांत माणसाने वस्तू कार्टमध्ये तरी टाकली पाहिजे, नाहीतर कमिशन नाही, आणि पेनवाली माणसं एक पेन घ्यायला महिनाभर विचार करतात (आम्ही पण त्यातलेच). वर दर त्यांच्या हातात. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत त्यांनी बरेच दर एकदम पाडले, फर्निचरचा तर ८ वरून ३ टक्क्यांवर आणला, ज्यांनी त्यावर घरखर्च धरला होता त्यांचं काय झालं असेल विचार करा. सर्चचंही तेच, २०२४ पासून गुगल उत्तर वरच्या वर एआयने लिहून देतंय, मग खाली आपल्या लिंकवर कशाला कोण येतंय.

आमचे पैसे आले ते भलतीकडून. पोस्ट वाचून घरी करून बघायचं, जमलं नाही की लिहायचं, "तुम्हीच करून द्या ना, पैसे घ्या". सुरुवातीला ओळखीपाळखीत फुकट केलं, मग रीतसर दर लावले आणि फर्म काढली. गंमत अशी की "नवशिक्यांसाठी चांगल्या शाया" छाप पोस्टवर सगळ्यात जास्त गर्दी असते, पण तिथून काम जवळजवळ येतच नाही. काम येतं ते मोजकी माणसं वाचतात त्या पोस्टींवरून, उदाहरणार्थ लिव्हर फिलर (बाजूची पट्टी उचलून शाई भरायच्या) पेनातली कडक झालेली रबरी सॅक, म्हणजे शाईची पिशवी, खरवडून कशी काढायची आणि नवीन सॅक शेलॅकने (लाखेने) कशी चिकटवायची. हे शोधणाऱ्याच्या हातात बंद पडलेलं पेन असतं, बऱ्याचदा आजोबांचं, आणि असं पेन अनोळखी माणसाकडे कुरियरने पाठवायचं तर आधी त्याचं काम वाचलेलं असावं लागतं. ब्लॉगचा उपयोग तेवढाच, पण तो फार मोठा आहे.

त्यामुळे कोणी विचारलं की आम्ही सांगतो, पहिली दोनेक वर्षं डोमेन आणि होस्टिंगचा खर्च निघाला तरी खूश राहा, नोकरी सोडायचं तर नावच काढू नका, आणि व्ह्यूज मोजण्यापेक्षा लोक तुम्हाला मेल करून काय मागतायत ते बघा. कोणीच काही मागत नसेल तर हौस म्हणून लिहा, त्यात कमीपणा काय आहे! उलट धंदा झाल्यापासून आमचं स्वतःच्या पेनांनी लिहिणं कमी झालंय, दिवसभर दुसऱ्यांच्याच निबा.

जाहिराती आता फक्त जुन्या पोस्टींवर आहेत, दुरुस्तीच्या पानांवरून काढल्या. सध्या लिव्हर आणि पिस्टनवाली पेनं घेतोय, व्हॅक्यूम फिलर (पोकळी करून शाई आत ओढणारी) मात्र त्यांची सील आमच्याकडे आल्यावरच, तोवर पाठवू नका प्लीज.