ताईची टोकाची खुर्ची

माझ्या कार्यक्रमाला ताई आली की दुसऱ्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला, दाराशेजारी बसते. मध्ये कोंडल्यासारखं होतं म्हणे. आणि परतताना तिचं ठरलेलं वाक्य असतं, "अरे, आज पण मी गिटारच ऐकली. कीबोर्डवाला नुसता हात हलवत होता."

पंधरा वर्षं मी साउंड करतोय आणि पंधरा वर्षं हे हसण्यावारी नेतोय. खरं सांगायचं तर चूक तिची नव्हती. तिच्या खुर्चीपासून डावा स्पीकर चार मीटरवर, उजवा सतरावर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे उजवीकडचा आवाज तिच्यापर्यंत जवळपास ३८ मिलिसेकंद उशिरा पोचणार, तोही दबून. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर आधी पोचलेल्याची दिशा कान खरी मानतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात हेच तपासलं होतं, म्हणून आमच्या धंद्यात त्याला हास इफेक्टच म्हणतात. त्यामुळे मध्यभागी उभी असलेली गायिका ताईला डाव्या स्पीकरातून गाताना ऐकू यायची आणि उजव्या स्पीकरकडे वळवलेला (आमच्या भाषेत 'पॅन केलेला') कीबोर्ड जवळजवळ गायबच व्हायचा. स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटलेला आवाज, खऱ्या अर्थाने कळतो तो मधल्या पट्ट्यात बसलेल्यांना. आणि त्या पट्ट्यात हमखास बसलेला माणूस कोण? मी. आवाज जुळवायचा मिक्सर तिथेच असतो ना.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा त्रिमितीय साउंडवर अख्खा कार्यक्रम केला. स्टेजच्या वर दोनऐवजी पाच स्पीकरांच्या माळा, बाजूंना आणि मागच्या भिंतीवर मिळून दहा, छतावर चार. यात डावं-उजवं असं काही ठरवायचंच नसतं. प्रत्येक वाद्य हा एक ठिपका. स्क्रीनवर तो बोटाने सरकवायचा, कोणत्या स्पीकरातून किती आणि किती उशिरा सोडायचं ते प्रोसेसर बघतो. गिटारवाला जिथे उभा आहे, तिथूनच त्याची गिटार येते. टोकाच्या खुर्चीवरही.

मला सगळ्यात सुख कशाचं झालं असेल, तर कापाकापी कमी झाली याचं. एरवी गळ्याला जागा करून द्यायला गिटारच्या मधल्या फ्रिक्वेन्सी खाली घ्या, मग कीबोर्डच्या घ्या, असं चालू असतं. शेवटी सगळीच वाद्यं उपाशी. इथे वाद्यं वेगवेगळ्या दिशांना बसली की कान आपणहून त्यांना सोडवून घेतो. गर्दीत दहा जण बोलत असताना आपण एकाचंच ऐकू शकतो, त्यामागे हेच कसब असतं. मी त्या कापाकापीच्या इक्वलायझरला जवळपास हात लावला नाही.

पण हातात खेळणं आलं की माणूस खेळतोच. १९६७ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये पिंक फ्लॉइड या रॉक बँडने जॉयस्टिकने आवाज सभागृहभर फिरवला होता. १९७० मध्ये ओसाकाच्या प्रदर्शनात जर्मन संगीतकार श्टॉकहाउझनसाठी गोल घुमटच बांधला. त्यात पन्नास स्पीकर आणि श्रोते मधोमध जाळीवर, म्हणजे पायाखालूनही आवाज. हे सगळं वाचून माझ्याही डोक्यात वारं भरलं होतं. एका जलद गाण्यातला शेकर (खुळखुळ्यासारखं तालवाद्य) मी उचलून थेट मागच्या भिंतीवर नेऊन ठेवला. पुढे ड्रम, मागे शेकर आणि मध्ये मी. काय सुरेख वाटलं! स्वतःवरच खूश होऊन मी रिहर्सल संपवत होतो.

ताई त्या दिवशी मुद्दाम लवकर आली होती, आपल्या खुर्चीत बसून होती. उठून माझ्यापाशी आली. "ठेका लंगडतोय रे."

मी म्हटलं, "शक्यच नाही. वाजवणारे पक्के आहेत."

"मग तू माझ्या जागेवर येऊन बस."

गेलो, बसलो. लंगडतच होता. माझ्या मिक्सरपासून पुढचे आणि मागचे स्पीकर सारख्याच अंतरावर, म्हणून मला दोन्ही एकदमच ऐकू येत होते. ताईपाशी मात्र शेकर ड्रमपेक्षा वीस मीटर जास्त चालून येत होता. म्हणजे ५८ मिलिसेकंद. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं, त्यातल्या एका ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा. शेकर अशा दोन भागांच्या जवळपास मधोमध पडत होता. शेवटच्या रांगेत जाऊन बसलो, तर तिथे तोच शेकर ड्रमच्या आधी धावत होता. डिले, म्हणजे स्पीकरातून आवाज किती उशिरा सोडायचा ते, बदलून पुढच्यांचं जमवलं की मागच्यांचं आणखी बिघडणार. यावर कुठलाही प्रोसेसर काही करू शकत नाही.

शेकर मुकाट्याने ड्रमशेजारी आणून बसवला. लयीचं जे जे होतं, ते सगळं पुढे. मागे ठेवले ते व्हायोलिनचे लांब सूर, कोरसचा हुंकार आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची मागे रेंगाळणारी घुमण. ५०-६० मिलिसेकंदांनी ज्यांचं काही बिघडत नाही अशी मंडळी. बास वरून आणायचा हट्टही सोडला. उंची कळते ती कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे, आणि खालच्या सुरांच्या लाटा इतक्या लांब की त्या घड्यांची दखलच घेत नाहीत. छतावरचे चार स्पीकर दोन तासांत फार तर पाच मिनिटं वाजले असतील. ज्यांनी भाड्याने दिले, त्यांना हे सांगणार नाही.

कार्यक्रम झाल्यावर सामान आवरत होतो. ताई दाराशी थांबली होती.

"कीबोर्डवाला चांगला वाजवतो की रे," म्हणाली. मग जरा थांबून, "तिसऱ्या गाण्यात सगळं शांत झालं तेव्हा मागून कोणीतरी खोकलं. ते पण तूच सोडलेलं का?"

"नाही गं. तो खराच माणूस होता."

"उजवीकडून होता ना? अगदी कोपऱ्यातून?"

मला ऐकूच आलं नव्हतं.