सांदण उतार, करोली चढ : जोडवाट पूर्ण

यंदाच्या मोसमात मनात धरलेली जोडवाट अखेर झाली. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाहून सांदण दरी उतरायची आणि करोली घाटाने चढून त्याच दिवशी साम्रद गाठायचं. सांदणला येणारे पुष्कळ, पण बहुतेक जण डोह बघून किंवा पहिल्या कातळटप्प्याच्या माथ्यावरून परततात. माझ्या मते खरी दरी तिथून पुढेच आहे.

उजाडताच घळीत शिरलो. दोन्हीकडे काळा बेसाल्ट सरळ उभा, मधली वाट काही ठिकाणी एकेकट्यानेच जावं इतकी चिंचोळी. जानेवारीतही डोहात कमरेइतकं पाणी होतं. दोर आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले होते, त्याचा फार उपयोग झाला.

पहिला रॅपलिंगचा (दोरावरून उतरायचा) टप्पा पन्नासेक फुटांचा. तिथे अडकवलेल्या जुन्या स्लिंग (दोर अडकवायचे पट्ट्यांचे फास) तशाच सोडून आम्ही आपली नवी स्लिंग लावली आणि प्रत्येकाला वरून बिले (घसरलाच तर धरून ठेवणारा दोराचा आधार) दिला. वेळ गेला, पण इथे घाई नकोच.

टप्पे संपले की दोर सॅकमध्ये जातो आणि दरीचा सगळ्यात दमवणारा भाग सुरू होतो. घरांएवढे धोंडे, मधल्या फटींत अडकलेले सुटे दगड, त्यावर बारीक रेती. उडी मारायचा मोह होतो, पण गुडघे वाचवायचे तर बसून, हात टेकून उतरावं. मोठ्या धोंड्याच्या कोणत्या अंगाने उतरायचं हे वरूनच हेरून ठेवलं तर मागे फिरावं लागत नाही. दोघांत अंतर हवं, निसटलेला दगड थेट खालच्यावर येतो. या पट्ट्यात बाण सुळका समोर आला की पाय आपोआप थांबतात. किती बघावा!

खाली ओढा मोकळ्या रानात येतो. उतरून थांबायचं असेल तर पायथ्याचं डेहणे गाव गाठावं. आम्ही करोली घाटाला लागलो. दुपारच्या उन्हात तो चढ अंगावर येतो, म्हणून पायथ्याला पाणी भरूनच निघालो. साम्रदला पोचलो तेव्हा अजून उजेड होता.

पावसाळ्यात ही दरी म्हणजे धबधब्याची वाट, तेव्हा तिकडे फिरकूच नका.

पुढचा बेत : रतनगडावर मुक्काम, त्र्यंबक दरवाजाने साम्रद, मग सांदणमार्गे डेहणे. त्यासाठी हलका दोर बघतोय.