तिसऱ्या वर्षी टोमॅटो लावले नाहीत

आमची जागा सगळी मिळून 1800 स्क्वेअर मीटर, गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या जवळ. वरच्या बाजूला सडा, म्हणजे नुसता चिरा (जांभा दगड) आणि त्यावर वीतभर माती, मध्ये उतार आणि खाली ओहळाकडे सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं. पणजीचा फ्लॅट सोडून इथे राहायला आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं, घरचे टोमॅटो. दुसरं काही उगवलं नाही तरी चालेल, टोमॅटो हवेच.

पहिल्या वर्षी जूनमध्ये लावले ते पावसानेच कुजून गेले, ते मी समजू शकते. दुसऱ्या वर्षी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या शेवटी चाळीस रोपं लावली, ठिबक घातलं, काठ्या बांधल्या, फुलं आली, गोट्यांएवढी फळं पण धरली आणि मग एका दुपारी दोन झाडं मान टाकून उभी. पानं हिरवीच, पिवळी नाहीत की डाग नाहीत. मला वाटलं पाणी कमी पडलं म्हणून मी अजून पाणी दिलं. पंधरा दिवसांत चाळीसातली एकतीस गेली.

कृषी खात्यातल्या एका ताईंनी मला तेव्हा जी गोष्ट दाखवली ती प्रत्येकाने करून बघावी. मेलेल्या झाडाचं खोड बुंध्याकडून कापायचं आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात नुसतं टेकवून धरायचं, हलवायचं नाही. दोन-तीन मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखे पांढरे धागे पाण्यात उतरायला लागले. तो मर रोग, बॅक्टेरियाचा. मातीत वर्षानुवर्षं राहतो, ओली गरम जमीन त्याला आवडते, फवारून जात नाही आणि पाण्याबरोबर एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणजे मी जे जास्तीचं पाणी देत होते त्यानेच तो पसरला. त्या रात्री मला खरंच रडू आलं. रानवांग्याच्या मुळावर कलम केलेली टोमॅटोची रोपं मिळतात ती टिकतात म्हणे, कधीतरी करून बघीन, पण त्या वाफ्यात वांगी, मिरची, बटाटा काहीच लावायचं नाही हे आता पक्कं, कारण हा रोग त्या सगळ्यांनाच होतो.

माती पण तपासून घेतली. पीएच 5.1, आंबट. आपल्या तांबड्या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर, ते स्फुरदाला धरून ठेवतात, खत घातलं तरी झाडाला मिळत नाही. मग चुना घातला आणि दरवर्षी थोडा थोडा घालते.

सासूबाई हे सगळं गप्प बसून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "बाय, पयलीं माती पळय." म्हणजे आधी माती बघ. आणि मला सड्यावर घेऊन गेल्या, जी जागा मी हिशेबातच धरली नव्हती. मे महिन्यात आम्ही तिथे पालापाचोळा आणि शेणखत टाकून छोटे उंचवटे केले, पहिला पाऊस पडल्यावर तवशी (काकडी), दोडकी, भेंडी आणि चिबडाचं (खरबुजासारखं फळ) बी टोचलं. माझा विश्वासच नव्हता. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस, सत्तरीत त्याहून जास्त, तोही बहुतेक चार महिन्यांत, त्यात वेल तगणार कसे? पण सड्यावर पाणी थांबतच नाही, उतारावरून वाहून जातं, मुळं कुजत नाहीत. खाली जिथे माती छान खोल आहे तिथेच सगळं सडतं! चवथीला माटोळीत, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीत, आमच्या सड्यावरचा चिबूड बांधला तेव्हा मी त्याच्याकडे किती वेळ बघत उभी होते. नोव्हेंबरपर्यंत तीच जागा अशी कोरडी पडते की गवत पण वाळतं. तेव्हा ती चार महिन्यांची बाग आहे, आणि तिला तसंच वागवायचं.

मिरचीचं पण तेच. काणकोणच्या खोला मिरचीचं बी आणलं, 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली ती, सपाट जागेत लावलं तर गेलं. तिकडे डोंगराच्या उतारावर पावसात लावतात हे कळल्यावर मधल्या उतारावर, मर रोगाच्या वाफ्यापासून लांब, लावलं तर मार्चमध्ये सुद्धा घरात सुक्या मिरच्या होत्या.

मिरीच्या बाबतीत मात्र मी हट्टाने चुकले. पोफळींवर पन्नियूर-1 चढवली, वेल जोरात वर गेले, घोस नाहीत. त्या जातीला दाट सावली चालत नाही, तिला उजेड लागतो, सावलीत करीमुंडा लावायला हवी होती. यंदा आजूबाजूच्या फांद्या उतरवल्यात, बघू. पोफळींना जूनच्या आधी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारायचं आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून परत, हे एक वर्ष चुकवलं तर कोळेरोगाने हिरव्या सुपाऱ्यांचा खाली सडा पडला. कोबी, फ्लॉवर थंडीत होतात पण मुठीएवढे. गाजर या चिऱ्यात सरळ जातच नाही. केळी होतात, खातात माकडं. अळसांदे (गोव्याची चवळी) मात्र पाऊस गेल्यावर ओलीवर टाकून दिले तरी येतात.

घरामागे बियांपासून आलेली तीन भिरंडेची, म्हणजे कोकमाची, झाडं आहेत, सासऱ्यांच्या हातची, आठ वर्षांची. भिरंडेत नर झाड वेगळं आणि मादी वेगळं असतं, आणि बियांपासून आलेलं झाड कुठलं ते फुलल्याशिवाय कळत नाही. कलम लावली असती तर हा प्रश्न नव्हता, पण ती लावणारा माणूस आता नाही, तेव्हा कापायचं कोणी बोलत नाही. यंदा डिसेंबरात त्यातलं एक फुललं. मी आणि सासूबाई रोज सकाळी चहा घेऊन जातो आणि फुलाच्या मधोमध बारीक हिरवी गाठ धरतेय का ते बघतो. काल एका फांदीवर दोन दिसल्या.